डावी पावले, नग सात

माझ्या उजव्या पायाला सरकारी मान्यता आहे. तो फाइलीत आहे, पान एकोणतीस, खाली तिघांच्या सह्या आणि एक गोल शिक्का. डाव्या पायाला अशी मान्यता नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

मी सरकारी रुग्णालयाच्या खरेदी शाखेत कारकून आहे. कापसापासून शवागाराच्या कुलपापर्यंत रुग्णालयाला लागणारी प्रत्येक वस्तू आमच्याकडे आधी कागदावर येते आणि नंतर, योग असेल तर, प्रत्यक्षात. आमच्या शाखेच्या प्रमुख बाईंना पाठीमागे सगळे कलमबाई म्हणतात, कारण नियमाचं कलम सांगितल्याशिवाय त्या तोंड उघडत नाहीत. एकदा त्यांना शिंक आली तेव्हाही आधी त्यांनी कलम आठवून पाहिलं, असं शिपाई सांगतो. मला ते खरं वाटतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"तीन करार लक्षात ठेवा, नवीन," त्या म्हणाल्या. माझं नाव विचारायचं राहून गेलं होतं आणि नंतर फार उशीर झाला. "ठोक करार. काय हवं, किती हवं, केवढ्याला हवं, सगळं एकदाच लिहायचं आणि मग त्या लिखाणाबरोबर जन्मभर नांदायचं. दुसरा दरकरार. भाव आज ठरवायचा, माल लागेल तसा मागवायचा. तिसरा, खर्च अधिक मेहनताना. वस्तू कशी होणार हे कुणालाच ठाऊक नसतं तेव्हा करणाऱ्याला त्याचा खर्च द्यायचा आणि वर कष्टाचे. तो आपण करत नाही."

"का?"

"आपल्याला सगळं माहीत असतं."

मी हे वहीत लिहून घेतलं. अजून आहे.

आता आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, शहर बससेवेत बावीस वर्षं ड्रायव्हर. आमच्याच घरात राहते आणि घरही बससारखंच चालवते, म्हणजे वेळेवर, आणि दारात उभं राहू नका असं ओरडत. पाच महिन्यांपूर्वी डेपोत तिचा डावा पाय बसखाली आला. ती बस बंद पडलेली होती. चार वर्षं एका जागी उभी, आत मांजरांची तिसरी पिढी नांदत होती. त्या दिवशी तिच्या चाकाखालची वीट कुणीतरी दुसऱ्या कामासाठी उचलली, आणि चार वर्षांत ती बस पहिल्यांदाच सहा फूट चालली. आत्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

जखम भरली तसं बससेवेचं पत्र आलं. महिन्याभराने वाहनचाचणी होईल. पास झालात तर बस, नाहीतर कायमची बदली, हरवलं-सापडलं खिडकीवर.

"ज्यांनी माझा पाय घालवला ते मला लोकांच्या छत्र्या सांभाळायला बसवतायत," आत्या म्हणाली. तिने ते पत्र चार घड्या करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. टेबल डुगडुगायचं थांबलं. "चाचणी द्यायची. पास व्हायचं. विषय संपला."

क्लच डाव्या पायाने दाबतात. हे इथेच सांगून ठेवतो.

पाय बाहेरून विकत आणून चालणार नव्हतं. बससेवेला आमच्या रुग्णालयातल्या कृत्रिम अवयव कार्यशाळेचा दाखला हवा होता, आणि कार्यशाळेला फक्त सरकारी भांडारातून आलेलंच पाऊल बसवता येतं. म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आत्याला कार्यशाळेत घेऊन गेलो. तिथल्या कारागिराला सगळं रुग्णालय पायकाका म्हणतं. त्यांनी आत्याच्या पायाचा साचा आधीच घेतला होता. त्यावरून गुडघ्याखाली बसणारी वाटी केली होती, खाली दांडा जोडला होता.

"ताई, आता फक्त पाऊल लावायचं राहिलंय," काका म्हणाले.

"मग लावा की."

काकांनी मागच्या फळीकडे बघितलं. फळीवर रबरी पावलं ओळीने ठेवली होती, लहानापासून मोठ्यापर्यंत, सगळ्यांचे अंगठे एकाच बाजूला.

"पावलं पुष्कळ आहेत. चारशे आली, नऊ लागली. पण सगळी उजवी आहेत."

"डावी दुसऱ्या खोक्यात असतील."

"खोकी मीच उघडली, ताई. चाळीसच्या चाळीस. एकतिसाव्या खोक्यापर्यंत मला आशा होती."

बाहेर बाकावर सहा जण कुबड्या मांडीवर घेऊन बसले होते. सगळे डावे. त्यातला एक रंगारी म्हणाला, तो चौथ्यांदा आलाय. दर वेळी त्याला सांगतात, पाय आहे पण तुमचा नाही.

मी सहज म्हणून फळीवरचं एक पाऊल हातात घेतलं. त्याची करंगळी जराशी आत वळलेली होती. मी दुसरं घेतलं. तीही. लहान मापाचं घेतलं, त्यातही ती इवलीशी करंगळी तशीच आत वळलेली. ही करंगळी मी कुठेतरी पाहिली होती. दररोज. आंघोळीच्या वेळी.

माझ्या नोकरीच्या पाचव्या दिवशी कृत्रिम पावलांची निविदा निघाली होती. त्याआधी काका पावलं लाकडाची कोरायचे. तयार पावलं पहिल्यांदाच विकत घ्यायची होती, ठोक करार, चारशे नग. छापील नमुन्यात एक ओळ होती: सोबत आकृती जोडावी. आकृती कुठेच नव्हती. काका रजेवर होते. फाइल पाचच्या आत जायला हवी होती आणि साडेचार झाले होते. मी बूट काढला, कागद जमिनीवर ठेवला, त्यावर पाय ठेवला आणि पेन्सिल फिरवली. खाली लिहिलं, "मापे यादीप्रमाणे, आकार सोबतच्या आकृतीप्रमाणे. त्यात कोणताही फरक चालणार नाही." दुसरं वाक्य मी भारदस्तपणासाठी घातलं होतं.

घरी जाताना मी आत्याला सांगून टाकलं. ती रिक्षात कुबड्या धरून बसली होती. ती पुढचा रस्ता बघत राहिली, ड्रायव्हर बघतात तसा.

"उजवाच का काढलास?"

"डाव्या मोज्याला भोक होतं."

"खोलीत कोण होतं?"

"कुणी नव्हतं. पण येऊ शकलं असतं."

रिक्षा दोन सिग्नल पुढे गेली.

"ठोंब्या," आत्या म्हणाली, "तो मोजा दे, शिवून ठेवते, असं मी तुला किती वेळा म्हटलं होतं?"

दुसऱ्या दिवशी मी पुरवठादाराला गाठलं. त्याचा कारखाना गावाबाहेर, रबराच्या वासाचा. तो माणूस इतका नम्र होता की त्याच्यावर ओरडायला जागाच सापडेना.

"साहेब, चारशेच्या चारशे आकृतीबरहुकूम दिली. तपासणी समिती आली होती. त्यांनी आकृती त्याच मापाच्या पावलावर ठेवून पाहिली. इतकी चपखल बसली की अधीक्षक साहेबांनी माझी पाठ थोपटली."

"अहो, पण माणसाला दोन पाय असतात हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं ना. म्हणून तर मी लेखी विचारलं." त्याने खणातून एक कागद काढला. निविदेआधी पुरवठादारांनी विचारलेल्या शंका आणि आमची उत्तरं. शंका सातवी: डाव्या पावलाची आकृती मिळेल का? उत्तर: निविदेतील अटींमध्ये बदल नाही.

सहाव्या शंकेचं उत्तरही तेच होतं. आठवीचंही. एकूण चौदा शंका होत्या आणि चौदाही उत्तरं मीच लिहिली होती. एकच वाक्य चौदा वेळा लिहिल्यावर अक्षर किती सुधारतं ते मला त्या दिवशी दिसलं.

"मला वाटलं, डावी तुमच्याकडे शिल्लक असतील," तो म्हणाला. "माझे डावे साचे तयारच आहेत, धूळ खात पडलेत. मागणीपत्र आणा, आठवड्यात देतो. अदलाबदल मात्र जमणार नाही. करार पुरा झाला, माल तुमचा. आता माणसांचे उजवे पाय कापल्याशिवाय तो संपत नाही."

चाचणीला बावीस दिवस उरले होते.

मी कलमबाईंसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, डावी पावलं घ्यायची आहेत, सात. एक माझ्या आत्यासाठी, हेही सांगितलं. सात का, तर आदल्या रात्री जेवताना आत्याने ताटावरून नजर न उचलता बजावलं होतं, "एक मागू नकोस. बाकावर सहा जण बसलेत. मी एकटी पाय लावून त्यांच्यासमोरून कशी चालत जाऊ?"

"घरचा माणूस यादीत आहे हे लेखी द्या, आणि निवडीच्या कागदावर तुमची सही नको," कलमबाई म्हणाल्या. "आता मार्ग सांगा."

"तातडीची खरेदी?"

"तातडी म्हणजे जे आधी कळू शकत नव्हतं ते. माणसाला डावा पायही असतो, हे रुग्णालयाला आत्ताच कळलं असं लिहायचं?"

"मग किरकोळ खरेदी. तीन दरपत्रकं मागवून."

"रक्कम बसते. पण भांडारात शिल्लक असलेली वस्तू पुन्हा विकत घेता येत नाही." त्यांनी भांडाराची वही माझ्यापुढे फिरवली. पाऊल, कृत्रिम, रबरी. शिल्लक तीनशे एक्याण्णव. "कागदावर तुमच्याकडे पावलांचा सुकाळ आहे."

"पण ती उजवी आहेत!"

"वहीत कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. मी खुर्चीत बसलो. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं.

कलमबाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या कुणाच्या तरी मावशीसारख्या दिसत होत्या. "एक वाट आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डावं पाऊल ही वेगळी वस्तू म्हणून नोंदवायची. नवीन क्रमांक, शिल्लक शून्य. मग किरकोळ खरेदी होते. पण त्यासाठी टिपण लागतं, की आधीची आकृती फक्त उजव्या पायाची होती. म्हणजे चूक झाली होती. आणि चूक कुणाची, ते सहीनिशी."

"सही केली तर?"

"तुम्ही परिवीक्षेवर आहात, नोकरी अजून पक्की नाही. कलम अकरा. लेखी चूक कबूल करणाऱ्याला कारण न देता घरी पाठवता येतं." त्यांनी चष्मा परत चढवला. "म्हणून या शाखेत आजवर कुणाचीच चूक झालेली नाही."

घरी मी हे सांगितलं तेव्हा आत्याने कुबडी जमिनीवर आपटली.

"खबरदार सही केलीस तर. तुझी नोकरी घालवून मला पाय नको. दुसरा रस्ता काढ."

"दुसरा रस्ता नाही."

"बावीस वर्षं बस चालवली. दुसरा रस्ता असतोच. खड्डे जास्त असतात, एवढंच."

मी चार दिवस दुसरा रस्ता शोधला. दुसऱ्या रुग्णालयाकडून उसनी पावलं मागितली. त्यांनी कळवलं की आमची आकृती आवडल्यामुळे त्यांनीही तीच वापरली होती. काकांना पूर्वीसारखं लाकडाचं कोरायला सांगावं म्हटलं, तर तयार पावलं आल्यामुळे लाकडाची खरेदी बंद झाली होती. चौथ्या दिवशी मी कार्यशाळेच्या बाकाजवळून गेलो. रंगारी पाचव्यांदा आला होता. त्याने मला ओळखून हात केला.

मी जागेवर गेलो आणि टिपण लिहिलं. "सदर आकृती अधोस्वाक्षरीत कर्मचाऱ्याने स्वतःच्या उजव्या पायाभोवती पेन्सिल फिरवून काढली. डावा पाय काढण्याचे राहून गेले." सही केली. घरी काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी मला समितीपुढे बोलावलं. वैद्यकीय अधीक्षक, भांडारपाल आणि कलमबाई. अधीक्षकांनी पुरवठादाराची पाठ थोपटली होती, त्यामुळे ते आज कुणाचीच पाठ थोपटायच्या मनःस्थितीत नव्हते.

"ही आकृती तुमच्या पायाची आहे याला पुरावा काय?" त्यांनी विचारलं. "उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, फाइलीतला पाय माझा."

भांडारपाल म्हणाले, "हो ना. रांग लागेल."

मी म्हटलं, "पाय इथेच आहे."

पान एकोणतीस फाइलीतून सोडवून जमिनीवर ठेवण्यात आलं. मी उजवा बूट काढला, मोजा काढला आणि रेषेवर पाय ठेवला. करंगळीसकट बसला. अधीक्षकांनी वाकून पाहिलं, भांडारपालांनी गुडघे टेकून पाहिलं. मग "जुळतो" असं लिहून तिघांनी सह्या केल्या आणि शिक्का मारला. मान्यता म्हणालो ती हीच.

"आता डावा," कलमबाई म्हणाल्या. "डावा बसत नाही हे सिद्ध झाल्याशिवाय ती वेगळी वस्तू ठरत नाही."

मी इथवर आलो होतो तेच या मोज्यामुळे, आणि आता तो वरिष्ठांसमोर उघडा पडणार होता. पण सात जण पावलाची वाट बघत होते. मी बूट काढला.

भोक नव्हतं. अंगठ्याच्या जागी लाल दोऱ्याचा घट्ट, आडवा-उभा रफू होता. तो दोरा मला माहीत होता. आत्या तिच्या गणवेशाची बटणं त्याच दोऱ्याने लावते, म्हणजे गळून पडली तर लांबून दिसतात म्हणे. सकाळी दोरीवरचे मोजे मी न बघताच चढवले होते. मी घरी एक शब्द बोललो नव्हतो, आणि तिने मोजा शिवून ठेवला होता.

"काय झालं?" अधीक्षक म्हणाले.

"काही नाही," मी म्हटलं, आणि मोजा काढून डावा पाय कागदावर ठेवला. कुठूनही बसेना. तिघांनी सह्या केल्या.

मग अधीक्षकांनी कलम अकरा काढलं. कलमबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"साहेब, चूक लिहून देणारा कर्मचारी या शाखेला प्रथमच लाभला आहे. हा काढला तर दुसरा बाजारात उपलब्ध असल्याची खात्री नाही. एकमेव स्रोताचं कलम लागू होतं. अशी वस्तू हातातून सोडायची असेल तर आधी बाजार-पाहणी करावी लागेल."

अधीक्षकांनी बाजार-पाहणीला किती दिवस लागतील विचारलं. कलमबाई म्हणाल्या, आठ महिने. मला ठेवण्यात आलं. परिवीक्षा एक वर्षाने वाढली.

संध्याकाळी मी आत्यासमोर मोजा धरला. ती पेपर वाचत होती.

"तुला कसं कळलं?"

"तीन दिवस तू जेवताना बडबडला नाहीस. आरशात बघायची सवय आहे मला, मागे काय चाललंय ते दिसतं." तिने पान उलटलं. "नोकरी?"

"आहे."

"मग दरपत्रकं माग. चौदा दिवस राहिलेत. मोज्यांकडे काय बघत बसलायस?"

तीन दरपत्रकं आली. एक आपल्या नम्र पुरवठादाराचं. दुसरं बूट करणाऱ्या एका कारखान्याचं, त्यांनी पावलाबरोबर बूटही धरला होता आणि लेस वेगळी. तिसरं दुकानात कपडे घालून उभे करतात ते पुतळे बनवणाऱ्याचं. तिसरं सगळ्यात स्वस्त होतं. फारच स्वस्त.

"सर्वांत कमी दर, त्यालाच काम," कलमबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात कलमाबद्दल थोडी नाराजी होती.

"पण पुतळे चालत नाहीत!"

"मागणीत चाललं पाहिजे असं लिहिलंय का?"

या वेळी लिहिलं होतं. सगळं लिहिलं होतं. मी शिकलो होतो. डावे. सात मापे, सात आकृत्या, काकांनी प्रत्येकाच्या शाबूत उजव्या पायावरून काढून उलट्या केलेल्या. आणि शेवटी: वापरणाऱ्याने पूर्ण भार देऊन उभे राहून तपासल्यावरच स्वीकार्य.

म्हणून पुतळेवाल्याला नमुना घेऊन कार्यशाळेत बोलावलं. तो उमदा माणूस होता, गळ्यात टेप. पाऊल त्याने रेशमी कापडात गुंडाळून आणलं होतं. नखांना रंग लावलेला. घोटा असा की बघत राहावं.

"किती सुंदर आहे हो," आत्या मनापासून म्हणाली.

"आमची पावलं मोठमोठ्या दुकानांच्या काचेत आहेत, बाई. आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही."

"तुमची गिऱ्हाइकं बोलतात का?"

काकांनी पाऊल दांड्याला लावलं, आत्याने वाटी चढवली आणि पट्टा आवळला. तिने काकांच्या खांद्यावर हात ठेवला, समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि क्लच दाबतात तसं ते पाऊल, सगळं वजन टाकून, खाली दाबलं.

आवाज कपबशी फुटल्यासारखा झाला. रंगवलेला अंगठा घरंगळत बाकाखाली गेला. रंगाऱ्याने तो कुबडीने बाहेर ओढला आणि पुतळेवाल्याच्या हातात दिला.

"रंगाचं काम चांगलं आहे," तो म्हणाला, कारागिराने कारागिराला सांगावं तसं.

"तांत्रिकदृष्ट्या अपात्र," कलमबाईंनी लिहिलं. पुतळेवाल्याने कुरकुर न करता सही केली. उलट आत्याला म्हणाला, की इतक्या जोमाने त्याच्या पुतळ्यावर आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं. बूटवाल्यांनी नमुना पाठवलाच नाही. काम पुरवठादाराला गेलं. त्याने आठवड्याचं सांगून पाच दिवसांत सात पावलं दिली. करंगळ्या सरळ होत्या.

आत्याला सराव करायला चार दिवस मिळाले. ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायची, समोर विटेवर फळी, फळीखाली स्पंज, आणि दाबायची. अर्धा दाब. पाव दाब. सोड. बाबा भाजी चिरत तोंडाने हॉर्न वाजवायचे. नव्या पायाला खालचं काही कळत नाही, म्हणून तिने गुडघ्याला शिकवलं. गुडघा शिकेना तेव्हा त्याला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी वाटी घासून कातडं सोललं. आईने आता पुरे म्हटलं. आत्याने पट्टी बांधली आणि म्हणाली, "पुढचा थांबा आला की उतरते."

चाचणी डेपोत होती. बस भरलेली असावी असा नियम, म्हणून मागे वाळूची पोती ठेवली होती. एक पोतं कमी पडलं. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला मागच्या बाकावर बसवलं. कोपऱ्यात ती जुनी बस उभी होती, चारही चाकांखाली विटा आणि वर साखळी. मांजर खिडकीतून बघत होतं.

वळणं झाली. मागे घेणं झालं. मग चढ. चढावर बस उभी करायची, आणि इंचभरही मागे न जाऊ देता पुढे काढायची. सगळं काम डाव्या पायाचं. मागच्या चाकामागे परीक्षकांनी कच्चं अंडं ठेवलं. हे कोणत्या नियमात आहे ते मी नंतर शोधलं. नाही.

आत्याने बस थांबवली. आरशात मला तिचे डोळे दिसत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, अंड्याकडेही नाही. तिने ब्रेक सोडला. बस थरथरली. मी पोत्याला मिठी मारली. इंजिनाचा आवाज खाली गेला, आणखी खाली गेला, बंद पडणार असं वाटलं, आणि आत्या मोठ्याने म्हणाली, "चल गं." बसला म्हणाली का गुडघ्याला, माहीत नाही. बस पुढे गेली. मागे नाही, पुढे.

परीक्षकांनी अंडं उचलून प्रकाशात धरून पाहिलं आणि खिशात टाकलं. "पास," ते म्हणाले. "पोत्याला उतरायला सांगा."

पुढच्या महिन्यात पावलांचा नवा करार झाला. या वेळी ठोक नाही, दरकरार. भाव ठरलेला, डावी-उजवी लागतील तशी मागवायची. मसुदा मीच लिहिला. पुरवठादारांच्या नऊ शंका आल्या, मी नऊ वेगवेगळी उत्तरं दिली, त्यातली दोन चुकली आणि मी तसं लिहून दिलं. कलमबाईंनी मसुद्यावर सही करताना विचारलं, "तुमचं नाव काय हो?" मी सांगितलं. त्यांनी ते समासात लिहून घेतलं.

तीनशे एक्याण्णव उजव्या पावलांतली बहुतेक अजून भांडारात आहेत. रोज कुठे ना कुठे एखादं लागतं. शहरात माझ्या करंगळीवर चालणारी माणसं वाढत चालली आहेत. समोरून कुणी लंगडत आलं की मी जरा आदराने बाजूला होतो.

आमच्या कार्यालयाच्या खिडकीतून मुख्य रस्ता दिसतो. सोमवारी सकाळी दहा चाळीसला आत्याची बस आली. सिग्नलला थांबली. मी खिडकीतून दोन्ही हात हलवले, कलमबाईंनीही पेन हलवलं. रंगारी शिडी घेऊन समोरच्या भिंतीवर चढलेला होता, त्याने वरून ब्रश हलवला. आत्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सिग्नल हिरवा झाला, तिने क्लच सोडला आणि गेली. इथे थांबा नाही.